व्हायोलिनची गावे

ज्या घरात आजोबा-पणजोबांच्या वेळचे व्हायोलिन पेटीत जपून ठेवलेले असते, त्या घरात बहुधा एक दंतकथाही जपलेली असते. व्हायोलिन उजेडात धरून वरच्या तक्त्याच्या डाव्या छिद्रातून आत डोकावले की पाठीच्या लाकडावर चिकटवलेली एक पिवळट चिठ्ठी दिसते. तिच्यावर लॅटिनमध्ये छापलेले असते, 'आंतोनियुस स्ट्राडिवारियुस क्रेमोनेन्सिस फाकिएबात आन्नो १७..'. म्हणजे, क्रेमोना गावच्या आंतोनियो स्ट्राडिवारीने हे सतराशे अमुक साली केले. मग घरातला एखादा चुणचुणीत नातू इंटरनेटवर स्ट्राडिवारीच्या व्हायोलिनची किंमत शोधतो, आकड्यातली शून्ये मोजतो आणि दोन दिवस घरात कुणालाच झोप लागत नाही!

मी हौशी वादक. त्यामुळे अशी व्हायोलिने अधूनमधून माझ्यासमोर येतात. यजमानांचा उत्साह पाहून "नाही हो, हे ते नव्हे" असे सांगणे जिवावर येते. पण त्या चिठ्ठीमागची खरी गोष्ट दंतकथेपेक्षा कमी रंजक नाही. ती एका थोर कारागिराची गोष्ट नसून काही गावांची गोष्ट आहे. कुठल्या गावात कला टिकली, कुठल्या गावात बुडाली, आणि का, याची. आपल्या स्मरणिकेत संगीतावर दरवर्षी काहीतरी असतेच. यंदा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांऐवजी वाद्ये घडवणाऱ्यांविषयी लिहावे असे ठरवले.

आधी त्या चिठ्ठीचे पाहू. अशी बहुतेक व्हायोलिने क्रेमोनाहून नव्हे, तर जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शेन नावाच्या छोट्या गावातून आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतून आलेली असतात. शेजारच्या बोहेमियातील ग्रास्लिट्झ या गावातून धर्मछळाला कंटाळून पळालेले प्रॉटेस्टंट कारागीर इथे येऊन वसले आणि १६७७ मध्ये त्यांच्यापैकी बारा जणांनी व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ स्थापन केला. पुढे एकोणिसाव्या शतकात या कामाला वेगळेच वळण लागले. एक कुटुंब फक्त माना कोरायचे, दुसरे फक्त पाठी, तिसरे घोड्या, चौथे खुंट्या. शेतकऱ्याच्या घरात हिवाळाभर हे काम चाले. आठवड्याच्या शेवटी पाठीवरच्या करंडीत माल घालून तो व्यापाऱ्याकडे पोहोचवायचा, व्यापारी सुटे भाग जुळवून घ्यायचा, रंग चढवायचा आणि जगभर पाठवायचा. हा व्यापार इतका वाढला की १८९३ मध्ये अमेरिकेने या चिमुकल्या गावात आपला वाणिज्य दूतावास उघडला आणि तो १९१६ पर्यंत चालला!

स्ट्राडिवारीच्या नावाची चिठ्ठी ही याच व्यापाऱ्यांची करामत. तीत निव्वळ फसवणूक होती असे मला वाटत नाही. 'हा स्ट्राडिवारीचा आकार, तो आमातीचा, तो स्टायनरचा' एवढेच ती सांगे, आणि त्या काळच्या गिऱ्हाईकाला ते ठाऊक असे. दोन पिढ्यांनंतरच्या वारसांना मात्र ठाऊक नसे. चिठ्ठीखाली 'मेड इन जर्मनी' असे इंग्रजीत छापलेले असेल तर प्रश्नच मिटला. परदेशी मालावर देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला, त्यानंतरचे ते वाद्य. चिठ्ठी नसली तरी दंतवैद्याचा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन आत पाहावे. चारही कोपऱ्यांत आधाराचे लाकडी ठोकळे नसतील, मान आणि तिच्या मुळाशी असलेला ठोकळा एकाच लाकडाचा असेल, काठालगतची काळी-पांढरी-काळी तिहेरी पट्टी खाचेत बसवलेली नसून शाईने रेखलेली असेल, तर ते सॅक्सनीतले स्वस्त काम. तिथे साचा वापरीतच नसत. पाठीचा तक्ता खाली ठेवून त्याच्यावरच कडा उभ्या करीत. क्रेमोनात आधी लाकडाचा भरीव साचा घेऊन त्याच्याभोवती कडा वाकवीत, म्हणजे साचा आत. फ्रेंच कारागीर बाहेरून घट्ट धरणारा साचा वापरू लागले. पत्त्याची चिठ्ठी खोटी असू शकते, पण कुठल्या गावच्या हाताने काम केले हे लाकूड लपवीत नाही.

मग ज्या गावाचे नाव सगळ्यांनी उसने घेतले, त्या क्रेमोनाचे काय झाले?

उत्तर इटलीत पो नदीच्या काठी हे गाव. व्हायोलिनला आज आपण जो आकार म्हणतो तो इथे पक्का केला आंद्रेआ आमातीने. त्याचा जन्म १५०५ च्या सुमाराचा. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबारासाठी त्याने केलेली, राजचिन्हे रंगवलेली काही वाद्ये आजही पाहायला मिळतात. १५६४ सालचे एक व्हायोलिन ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीचे ते वाद्य पाहिले तर कुणीही शेंबडे पोरही 'हे व्हायोलिन' म्हणून ओळखेल. इतक्या लवकर पूर्णत्वाला पोहोचलेले आणि नंतर इतके थोडे बदललेले दुसरे वाद्य मला आठवत नाही. शेजारच्या ब्रेशिया शहरात गास्पारो दा सालो आणि त्याचा शिष्य माज्जिनी हे जरा राकट, भारदस्त आवाजाची वाद्ये करीत होते. काही ठिकाणी तर काठालगत एकाऐवजी दोन-दोन पट्ट्या बसवायची त्यांची रीत. दोन गावांत जेमतेम पन्नास किलोमीटरचे अंतर, पण आवाज वेगळा आणि रूपही वेगळे. आपल्याकडच्या घराण्यांसारखेच म्हणा ना.

१६३० मध्ये उत्तर इटलीत प्लेगची भयंकर साथ आली. क्रेमोनात आंद्रेआचा मुलगा जिरोलामो तिला बळी पडला. ब्रेशियात माज्जिनीही त्याच सुमारास गेला. दोन्ही गावांतल्या नामवंत कारागिरांपैकी उरला फक्त जिरोलामोचा मुलगा निकोलो आमाती, वय चौतीस. तोपर्यंत आमाती घराण्याची विद्या घराबाहेर गेलेली नव्हती. बाप मुलाला शिकवी, तेवढेच. निकोलोने पुढच्या दहा-बारा वर्षांत ही रीत मोडली. त्याने परक्यांची मुले घरात ठेवून घेऊन शिकवायला सुरुवात केली. १६४१ मध्ये आंद्रेआ ग्वार्नेरी हा शागीर्द त्याच्या घरात राहत असल्याची नोंद आहे. याच ग्वार्नेरीचा नातू म्हणजे पुढे 'देल जेझू' या नावाने गाजलेला ज्युसेप्पे. स्ट्राडिवारीही निकोलोच्या हाताखाली शिकला की नाही यावर पंडितांत वाद आहे. १६६६ च्या एका चिठ्ठीत तो स्वतःला निकोलोचा शिष्य म्हणवतो आणि मला ते पुरेसे वाटते. माझ्या मते क्रेमोनाच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस स्ट्राडिवारी नसून निकोलो आमाती आहे. त्याने दार उघडले नसते तर बाकीचे घडलेच नसते.

पुढची शंभर वर्षे सुगीची. सान दोमेनिको चर्चसमोरच्या चौकात आमाती, ग्वार्नेरी, स्ट्राडिवारी, बेर्गोन्झी अशी घरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. स्ट्राडिवारी नव्वदी ओलांडूनही काम करीत होता. त्याची सुमारे साडेसहाशे वाद्ये आज शिल्लक आहेत. आल्प्स पर्वताच्या थंडीत सावकाश वाढलेल्या, बारीक सरळ रेषांच्या स्प्रूसचा वरचा तक्ता. बाल्कनकडून येणाऱ्या, वाघाच्या पट्ट्यांसारख्या लहरी असलेल्या मेपलची पाठ, कडा आणि मान. जोडायला प्राण्यांच्या कातड्याचा सरस. वरचा तक्ता आणि पाठ यांच्यामध्ये आत एक छोटी गोल काडी उभी करतात. ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबाने उभी असते. ती मिलिमीटरभर सरकली तरी आवाज पालटतो. इटालियन भाषेत तिला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. आपल्या लोकांनी नाव ठेवले असते तर तेच ठेवले असते.

आणि मग सगळे दहा वर्षांत आटोपले. १७३७ च्या डिसेंबरात स्ट्राडिवारी गेला. त्याच्या हाताखाली राबलेले दोन मुलगे, ओमोबोनो १७४२ मध्ये आणि फ्रांचेस्को १७४३ मध्ये गेले. ग्वार्नेरी देल जेझू १७४४ मध्ये, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. कार्लो बेर्गोन्झी १७४७ मध्ये. यावेळी प्लेग नव्हता, युद्धाने गाव जाळले नव्हते. माणसे आपापल्या क्रमाने मेली, एवढेच. पण यावेळी निकोलोसारखी परकी मुले कुणी घरात आणून ठेवलेली नव्हती. स्ट्राडिवारी इतका दीर्घायुषी आणि इतका कामसू, की त्याचे मुलगे म्हातारे होईपर्यंत बापाचे मदतनीसच राहिले. वडाच्या झाडाखाली दुसरे झाड वाढत नाही, ते म्हणतात तसे झाले. बेर्गोन्झीची मुले, स्टोरिओनी, चेरुती अशी काही नावे पुढेही लागतात, पण त्यांना जुन्या पद्धतीचे तुकडे तेवढे ठाऊक होते.

स्ट्राडिवारीचा धाकटा मुलगा पाओलो हा कापडाचा व्यापारी. त्याला या साच्यांचा, हत्यारांचा काय उपयोग? १७७५ च्या सुमारास त्याने घरातली उरलेली व्हायोलिने आणि पुढे बापाचे साचे, नकाशे, हत्यारे कोझियो दी सालाब्युए नावाच्या वीस-एकवीस वर्षांच्या एका हौशी सरदाराला विकून टाकली. क्रेमोनातून स्ट्राडिवारीच्या हाताच्या खुणा अशा रीतीने गाडीत भरून निघून गेल्या. उरलेसुरले काम १८६९ मध्ये नगरपालिकेने केले. सान दोमेनिकोचे जीर्ण चर्च पाडले, त्याच्या आत स्ट्राडिवारीने घेतलेली थडग्याची जागा होती तीही गेली. आज तिथे बाग आहे.

मागणी तर संपली नव्हती, मग गाव का बुडाले, हा प्रश्न मला फार दिवस पडत असे. एक कारण वाद्यातच आहे. तांब्या-पितळेची भांडी झिजतात, जोडे फाटतात, कापड विरते. चांगले व्हायोलिन मात्र शंभर वर्षांनी अधिकच चांगले वाजते, असे सगळे म्हणतात. म्हणजे कारागिराचा प्रतिस्पर्धी त्याचा स्वतःचाच आजोबा! त्यातून अठराव्या शतकात युरोपात खरी चलती होती ती टायरॉलमधील आब्साम गावच्या याकोब स्टायनरच्या उंच पोटाच्या, गोड आवाजाच्या व्हायोलिनांची. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेच्या यादीत जे मोलाचे व्हायोलिन होते ते स्टायनरचे. क्रेमोनाचा भाव वाढला तो पुढे, मोठमोठी सभागृहे आली आणि लांब पोहोचणारा आवाज हवासा झाला तेव्हा. तोवर शिकवणारे कुणी उरले नव्हते. आणि खरे सांगायचे तर आज जे स्ट्राडिवारी ऐकू येते ते जसेच्या तसे स्ट्राडिवारीचे नाहीच. १८०० च्या आगेमागे जवळजवळ सगळ्या जुन्या व्हायोलिनांच्या माना काढून लांब आणि तिरप्या बसवल्या गेल्या, आतली आधारपट्टी बदलून जाड केली गेली.

ज्यांना कुणी थोर म्हणत नव्हते, त्या गावांचे मात्र वेगळे झाले. बव्हेरियात आल्प्सच्या कुशीत मिटेनवाल्ड नावाचे गाव आहे. इटलीहून जर्मनीकडे जाणाऱ्या व्यापारी रस्त्यावरची मोठी जत्रा १४८७ पासून इथे भरे. गाव त्याच्यावर जगे. १६७९ मध्ये ती जत्रा परत बोल्झानोला गेली आणि गावाच्या तोंडचा घास गेला. माटियास क्लोट्झ हा तिथलाच मुलगा. पादुआत एका ल्यूट करणाऱ्याकडे सहा वर्षे काम करून, १६८४ च्या सुमारास तो गावी परतला आणि व्हायोलिने करू लागला. त्याने मुलांना शिकवले, मुलांनी शेजाऱ्यांना. स्प्रूसचे जंगल दाराशीच होते. पुढे व्यापाऱ्यांनी हे काम हातात घेतले, कारागीर कर्जात रुतले, मालाचा दर्जा घसरला. गुणगान करण्यासारखे त्यात फारसे नाही. पण हातातले काम कधी थांबले नाही. १८५८ मध्ये तिथे सरकारी आश्रयाने व्हायोलिन करण्याची शाळा निघाली, ती अजून चालू आहे.

फ्रान्समध्ये लॉरेन प्रांतातील मिरकूरची हीच कथा. तिथल्या व्हायोलिनकारांच्या संघाला १७३२ मध्ये नियमावली मिळाली, आणि नंतर कारखानदारी येऊन हजारोंनी स्वस्त वाद्ये बाहेर पडू लागली. पण त्या स्वस्त कामावर हात बसलेलीच पोरे पॅरिसला जाऊन नावारूपाला येत. झाँ-बाप्तिस्त व्हियोम हा त्यांतला सर्वांत चतुर. १७९८ मध्ये मिरकूरला जन्मला, विशीत पॅरिस गाठले. त्या काळी लुईजी तारिसिओ नावाचा एक इटालियन खेडोपाडी, मठांत, जुन्या वाड्यांत हिंडून धूळ खात पडलेली व्हायोलिने मिळवी आणि पॅरिसला आणून विके. १८५४ मध्ये तो मिलानमध्ये वारला. ही बातमी कळताच व्हियोम तडक इटलीला गेला आणि वारसांकडून सुमारे दीडशे वाद्ये एकदम विकत घेतली. त्यात स्ट्राडिवारीचे १७१६ सालचे, जवळजवळ न वाजवलेले, 'मसाया' नावाने प्रसिद्ध असलेले व्हायोलिन होते. क्रेमोनाची विद्या अशा रीतीने मिरकूरच्या पोराच्या टेबलावर आली. त्याने ती मोजली, तिच्या हुबेहूब नकला केल्या. अस्सल स्ट्राडिवारी आणि व्हियोमची नक्कल ओळखताना मोठमोठ्यांची भंबेरी उडे असे सांगतात.

क्रेमोनाचे 'गुपित' शोधण्यात मात्र दोनशे वर्षे गेली. व्हार्निशमध्ये काहीतरी होते म्हणाले. २००९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातील पाच वाद्यांच्या तपासणीत तेल, चिडाची राळ आणि त्या काळी कुणाही चित्रकाराकडे मिळतील असे रंग निघाले. थंडीच्या काळातल्या लाकडाची करामत म्हणाले. मग त्याच जंगलातले लाकूड वापरणारे दुसरे का मागे पडले? २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे एकवीस वादकांना अंधूक खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे देऊन जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. बहुतेकांना कुठले जुने हे सांगता येईना आणि पसंती मिळाली ती बव्हंशी नव्यांना. या प्रयोगावर पुष्कळ गदारोळ झाला. मला त्यातून एवढेच दिसते की कुलूपबंद गुपित शोधणाऱ्यांनी बाटली हुंगली, पण बाकावर शेजारी बसून शिकलेल्या मुलाकडे कुणी पाहिले नाही.

ज्याने पाहिले तो ज्युसेप्पे फिओरिनी. हा बोलोन्याचा कारागीर. त्याने १९२० मध्ये कोझियोच्या वारसांकडून स्ट्राडिवारीचे साचे, नकाशे आणि हत्यारे विकत घेतली. त्याला ती काचेच्या कपाटात ठेवायची नव्हती. त्यांवरून शिकवणारी शाळा त्याला इटलीत काढायची होती. ते जमेना. शेवटी १९३० मध्ये त्याने सगळा ठेवा क्रेमोना शहराला देऊन टाकला. १९३४ मध्ये तो वारला. १९३७ मध्ये स्ट्राडिवारीच्या द्विशताब्दीचा मोठा सोहळा झाला आणि १९३८ मध्ये क्रेमोनात शाळा उघडली. गंमत पाहा, ज्या गावाने जगाला व्हायोलिन दिले, तिथे शिकवायला माणसे बाहेरून आणावी लागली. शाळेने बरेच हेलकावे खाल्ले, पण टिकली. आज गावात अनेक कार्यशाळा आहेत, त्यांत जपान, कोरियापासून सगळीकडची मुले काम करतात. सत्तराहून अधिक तुकडे हातांनी जोडून एकेक वाद्य होते. युनेस्कोने २०१२ मध्ये या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

आपल्याकडे व्हायोलिन आले ते वाजवण्यापुरते. दक्षिणेत ते कसे रुळले ते इथे चेन्नईत राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यात तंजावरच्या भोसल्यांचाही हात आहे. सरफोजीराजांच्या दरबारात पाश्चात्त्य बँड होता, तंजावरचे ते प्रसिद्ध चार भाऊ त्यांच्याच दरबारात होते. त्या चौघांतला वडिवेलू पुढे त्रावणकोरला गेला आणि १८३४ मध्ये स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिले. आपल्या मराठी मंडळींत गजाननराव जोशी आणि कोलकात्यात राहिलेले व्ही. जी. जोग यांनी हिंदुस्थानी संगीतात या वाद्याला बैठकीचा मान मिळवून दिला. मांडी घालून, वाद्याचे मस्तक पायाशी टेकवून वाजवायची बैठकच आपण बदलली. पण वाद्य यायचे ते सॅक्सनी आणि मिरकूरहून. उत्तर प्रदेशात रामपूरला व्हायोलिन करणारे कारागीर आहेत, त्यांचे काम चीनच्या स्वस्त मालाने खूप घटवले.

आपले स्वतःचे क्रेमोना म्हणायचे तर मिरज. तिथले शिकलगार तलवारी, भाले यांना धार-पाणी करणारे. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम गेले आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंबोरे करायला घेतले. जत्रा गेल्यावर मिटेनवाल्डने जे केले तेच. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि जवारी काढणारा कान यांवर सतारमेकर गल्ली उभी राहिली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तर मिरजेतच राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याबद्दल वर्तमानपत्रांत फोटो आले. त्या गल्लीत गेलात तर मानांकनाची पाटी पाहून परतू नका. आत बसा. घोडी घासणारा हात मधेच थांबतो, तार छेडली जाते, पुन्हा दोन हात फिरतात, पुन्हा तार. शेजारी एखादा मुलगा बसलेला असतो का, आणि तार छेडली की तो मान वर करतो का, तेवढे पाहून या आणि मला कळवा.